साक्ष, मत आणि गुळमुळीत उत्तरे

सूरह निसाच्या १३५व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना न्यायावर ठाम उभे राहण्याचा आणि केवळ त्याच्यासाठी साक्ष देण्याचा आदेश दिला आहे. ही साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असो, आई-वडिलांच्या वा आप्तांच्या विरुद्ध जात असो. ज्याच्याविषयी बोलायचे तो धनवान असो की निर्धन, साक्षीत फरक पडता कामा नये. आयतीचा हा भाग आपण पुष्कळदा ऐकलेला असतो. न्यायावरील खुतब्यात तो हमखास येतो. तिचा शेवट मात्र बहुधा घाईत वाचला जातो. तेथे साक्ष बिघडवण्याच्या दोन रीती सांगून ताकीद दिली आहे की, तुम्ही जे काही करता त्याची अल्लाहला पूर्ण खबर आहे. पहिल्या रीतीसाठी आलेले क्रियापद 'लय्य' या शब्दाशी संबंधित आहे. दोरीला पीळ देणे हा त्याचा मूळ अर्थ. दुसरी रीत म्हणजे 'इअराज', अर्थात तोंड फिरवणे, बाजूला होणे. भाष्यकारांनी पहिल्याचा अर्थ साक्षीचे शब्द वळवणे असा केला आहे आणि दुसऱ्याचा अर्थ साक्ष दडवणे असा.

वाचकहो, येथे धडधडीत खोट्याचा वेगळा उल्लेखही करावा लागलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. खोटे बोलणारा सहज ओळखू येतो. शब्दांना पीळ देणारा आणि प्रश्नाकडे पाठ फिरवणारा असे दोघे मात्र सभ्य गृहस्थ म्हणून मिरवतात, लोक त्यांना 'मुत्सद्दी' म्हणून गौरवतात. आजच्या पाठात आपल्याला या दोन रीतींचा विचार करायचा आहे, आणि तो अशा एका प्रसंगाच्या संदर्भात, जो आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात दर काही वर्षांनी येतो. तो म्हणजे निवडणूक.

निवडणुकीच्या दिवसांत आपल्या दारी येणारा उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या बोलण्याचा एक ठरावीक साचा असतो. ईदच्या शुभेच्छा, दर्ग्यावर चादर, रमजान असेल तर इफ्तारला हजेरी, आणि 'मी तुमच्याच घरातला माणूस आहे' हे वाक्य. मग एखादा तरुण उठून कब्रस्तानच्या जागेबद्दल, वक्फच्या जमिनीबद्दल, दंगलीनंतर अडकलेल्या मुलांच्या खटल्याबद्दल किंवा शिक्षणातील आरक्षणाबद्दल सरळ प्रश्न विचारतो. आणि उत्तर येते : 'आम्ही सर्वांना सोबत घेऊन जाणारे आहोत', 'प्रकरण न्यायालयात आहे', 'पक्षश्रेष्ठी योग्य तो निर्णय घेतील', 'या विषयावर अभ्यास चालू आहे'. यातील एकही वाक्य खोटे नाही. प्रकरण खरोखर न्यायालयात असते, श्रेष्ठीही खरोखर निर्णय घेतात. परंतु विचारणाऱ्याने जे विचारले, त्याचे उत्तर यांत कोठेही नाही. आयतीच्या भाषेत पहिली दोन वाक्ये पीळ आहेत की पाठ, हे ज्याने त्याने ठरवावे.

आपल्या राज्यातील एकच विषय उदाहरणादाखल घेऊ. मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक व आर्थिक स्थितीवर केंद्राच्या सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये महमूद-उर-रहमान समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये सादर झाला. त्यानंतर जुलै २०१४ मध्ये, म्हणजे विधानसभा निवडणुकीला तीन महिने उरलेले असताना, त्या वेळच्या सरकारने अध्यादेश काढून मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांतील मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिले. निवडणूक झाली, सरकार बदलले. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिमांचे शैक्षणिक संस्थांतील ५ टक्के मात्र त्या अंतरिम आदेशातही राखले. अध्यादेशाचे आयुष्य मुळातच थोडे असते. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही तर तो आपोआप संपतो. मुस्लिमांच्या बाबतीत तसे रूपांतर झाले नाही आणि तो संपला. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन अल्पसंख्याक विकास मंत्री नवाब मलिक यांनी हे शैक्षणिक आरक्षण पुन्हा देण्याची घोषणा विधान परिषदेत केली आणि काही दिवसांतच त्याच सरकारचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी असा प्रस्ताव आपल्यासमोर आलेलाच नाही, असे सांगितले.

हा इतिहास येथे मांडण्याचा हेतू कोणत्या एका पक्षाला दोष देणे हा नाही. यात दोन्ही बाजूंचे पक्ष आले आहेत. आरक्षण असावे की नसावे, धर्माच्या नव्हे तर मागासपणाच्या निकषावर ते कसे द्यावे, यांबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात. मुद्दा इतकाच की, एवढ्या वर्षांत आपल्या मोहल्ल्यांत मते मागायला आलेल्यांपैकी किती जणांनी 'होय, मी हे विधेयक मांडीन' किंवा 'नाही, माझा याला विरोध आहे' असे उभ्या सभेत सांगितले? 'नाही' म्हणणारा एखादा तरी आपल्याला समजला असता. 'बघू' म्हणणाऱ्याने आपली वर्षे नेली.

सभागृहातही पाठ फिरवण्याची एक रीत रूढ झाली आहे, तिला सभात्याग म्हणतात. राज्यसभेत साधे विधेयक उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होते. म्हणजे विरोधात भाषण करून बाहेर निघून जाणारा सदस्य विरोधी मतांची बेरीज वाढवत नाही. तो मंजुरीसाठी लागणारा आकडा खाली आणतो. ३० जुलै २०१९ रोजी तिहेरी तलाकविषयीचे विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ मतांनी संमत झाले, तेव्हा त्याला तोंडाने विरोध करणारे संयुक्त जनता दल आणि अण्णाद्रमुक मतदानाच्या वेळी बाहेर होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिले आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानात भागच घेतला नाही. या विधेयकांच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. ती चांगली होती असे मानणाऱ्यालाही आणि वाईट होती असे मानणाऱ्यालाही हा प्रश्न विचारता येतो : ज्यासाठी तुम्हाला निवडून पाठवले, ते मत तुम्ही कोणाच्या स्वाधीन करून बाहेर पडलात?

सूरह निसाच्याच १४१व्या आयतीत अशा लोकांचे वर्णन आहे जे दोन पक्षांच्या मध्ये दबा धरून पाहत राहतात. श्रद्धावंतांना यश मिळाले तर यांना येऊन म्हणतात, आम्ही तुमच्याबरोबर नव्हतो का? आणि दुसऱ्या बाजूचे पारडे जड झाले तर त्यांना जाऊन आपण केलेल्या उपकारांची आठवण देतात. पुढे १४३व्या आयतीत त्यांच्यासाठी 'मुजब्जब' हा शब्द आला आहे, मध्येच हेलकावे खाणारे, ना या बाजूचे ना त्या बाजूचे. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या आयती मदीनेतील मुनाफिकांविषयी आहेत. आज एखादा राजकारणी गोलमोल बोलला म्हणून त्याला मुनाफिक ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. मनातले केवळ अल्लाह जाणतो. परंतु ज्या वागण्याची निंदा कुरआनने केली आहे, ते वागणे ओळखणे हे आपले काम आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लोकांतील अत्यंत वाईट म्हणून त्या माणसाचा उल्लेख केला आहे, जो यांच्याकडे एक चेहरा घेऊन जातो आणि त्यांच्याकडे दुसरा. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. उमेदवाराची परीक्षा घेण्यासाठी याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. जे तो मशिदीजवळच्या चौकात बोलला, तेच तो संध्याकाळी बाजारपेठेतल्या चौकात बोलेल काय?

आता कोणी म्हणेल, मौलाना, राजकारणात प्रत्येक गोष्ट उघड बोलता येते काय? थोडे सांभाळून बोलायला शरीअत मनाई करते काय? प्रश्न रास्त आहे आणि आपल्या इमामांनी त्याचा बारकाईने विचार केला आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून बुखारीत वर्णन आले आहे की, एका माणसाने भेटीची परवानगी मागितली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्याविषयी प्रतिकूल मत व्यक्त केले, पण तो आत आल्यावर त्याच्याशी सौम्यपणे बोलले. यावरून विद्वानांनी 'मुदारात' आणि 'मुदाहनत' यांत भेद केला. मुदारात म्हणजे नरमाई. समोरच्याचे मन राखणे, कठोर शब्द टाळणे. ती प्रशंसनीय आहे. मुदाहनत म्हणजे दुनियेच्या लाभासाठी सत्याचा बळी देणे. ती निषिद्ध आहे. या दुसऱ्या शब्दाचा धातू तेलाशी नाते सांगतो. तेल चोपडलेली वस्तू जशी हातातून निसटते, तसा मुदाहनत करणारा प्रत्येक प्रश्नातून निसटतो. सूरह कलमच्या नवव्या आयतीत याच धातूचा शब्द आहे : तुम्ही जरा ढिले पडावे म्हणजे आपणही ढिले पडू, अशी मक्केतील विरोधकांची इच्छा होती. तो सौदा प्रेषितांनी (स.) स्वीकारला नाही, आणि तरीही त्यांच्या तोंडून कोणाला शिवी गेली नाही.

दुसरा भेद द्व्यर्थी बोलण्याचा आहे, ज्याला 'तौरिया' म्हणतात. शब्द खरा, पण ऐकणाऱ्याने वेगळा अर्थ घ्यावा असा. जुलमापासून जीव वाचवण्यासाठी अशा बोलण्याला फिकहमध्ये वाव आहे. पण इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट केले आहे की, त्याच्या आडून कोणाचा हक्क बुडत असेल किंवा गैर गोष्ट पदरात पडत असेल, तर ते हराम होय. मुस्लिम शरीफमधील एका हदीसचा आशयही येथे लागू पडतो : शपथेचा अर्थ तोच धरला जाईल जो शपथ घ्यायला लावणाऱ्याने समजून घेतला. आपल्याच मनातला छुपा अर्थ पुढे करून सुटता येत नाही. वचनाचे तेच. 'कब्रस्तानचा प्रश्न मार्गी लावू' हे शब्द ऐकणाऱ्या शे-दोनशे माणसांनी जागा मिळेल असाच अर्थ घेतला आणि बोलणाऱ्याला तो ठाऊक होता, तर 'मी जागा देतो असे कुठे म्हणालो?' हे उत्तर त्याला दुनियेत कदाचित वाचवील; सूरह बनी इस्राईलच्या ३४व्या आयतीत वचनाविषयी जाब विचारला जाईल असे सांगितले आहे, तेथे ते चालणार नाही.

आणि एक तिसरी गोष्ट, जी या दोन्हींहून वेगळी आहे : 'मला माहीत नाही.' इमाम मालिक (रह.) यांच्याकडे लांबचा प्रवास करून लोक प्रश्न घेऊन येत आणि पुष्कळ प्रश्नांना ते 'मला माहीत नाही' एवढेच उत्तर देत. हे टाळणे नव्हे. जो उमेदवार म्हणतो की, 'वक्फ कायद्याचा माझा अभ्यास नाही, आठ दिवस द्या, वाचून येतो आणि सांगतो', त्याने प्रामाणिक उत्तर दिले. आठ दिवसांनी तो आला की नाही, एवढे पाहायचे.

या विषयावर सीरतमधील एक प्रसंग असा आहे की, तो पुनःपुन्हा वाचावा. मक्केतील छळाला कंटाळून मुस्लिमांचा एक समूह हबशाला, म्हणजे अबीसीनियाला गेला. तेथे नजाशी राज्य करीत होता. कुरैशांनी अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना भेटवस्तू देऊन पाठवले. दरबाऱ्यांना आधी नजराणे, मग राजाला. मागणी एकच, ही माणसे आमच्या ताब्यात द्या. पहिल्या दिवशी हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांनी इस्लामने आपल्यात काय पालट घडवला ते सांगितले, सूरह मरयमचा आरंभीचा भाग ऐकवला, आणि नजाशीच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने मागणी फेटाळली. येथे कथा बहुधा थांबवली जाते. खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवसाची होती.

अम्र बिन आस हुशार होते; ते तेव्हा मुस्लिम झालेले नव्हते. त्यांनी ओळखले की, या लोकांना नेमक्या त्या प्रश्नावर पकडायचे ज्यावर ते आणि त्यांना आश्रय देणारा यांच्यात अंतर आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजाला सांगितले, हे लोक ईसा इब्ने मरयम यांच्याविषयी फार गंभीर गोष्ट बोलतात, त्यांनाच विचारा. पुन्हा बोलावणे आले. हजरत उम्मे सलमा (रजि.) त्या समूहात होत्या, आणि त्यांच्याच वर्णनानुसार त्यांच्यावर इतका कठीण प्रसंग त्यापूर्वी आला नव्हता. विचार करा. परका मुलूख, ख्रिस्ती राजा, ख्रिस्ती धर्मगुरू भोवती बसलेले, परत पाठवले तर मक्केत साखळदंड. आपल्यातील एखादा सल्लागार त्या वेळी तेथे असता, तर त्याने काय सुचवले असते? 'ईसांचा आम्ही फार आदर करतो एवढेच सांगा आणि विषय बदला.' हे वाक्य खोटेही झाले नसते. मुस्लिम ईसा (अ.) यांचा आदर करतातच.

त्या लोकांनी आपसांत मसलत केली आणि ठरवले की, अल्लाहने जे सांगितले आणि प्रेषितांनी जे आणले तेच सांगायचे, मग व्हायचे ते होवो. नजाशीने विचारले, तेव्हा जाफर (रजि.) यांनी सांगितले की, ते अल्लाहचे दास आहेत, त्याचे प्रेषित आहेत, त्याचा आत्मा आणि त्याचा शब्द आहेत जो त्याने कुमारी मरयमकडे पाठवला. 'दास' हा शब्द त्यांनी गाळला नाही. त्या दरबारात सर्वांत जड तोच होता. पण उत्तराची रचनाही पाहा. त्यांनी दरबारातील धर्मगुरूंच्या श्रद्धेवर टीका केली नाही, आपण काय मानतो तेवढेच सांगितले. दुखवणे टाळले, दडवणे मात्र केले नाही. नजाशीने जमिनीवरून एक काडी उचलली आणि म्हणाला, तुम्ही सांगितले त्यापेक्षा ईसा या काडीइतकेही अधिक नाहीत. दरबारी कुरकुरले. त्याने कुरैशांचे नजराणे परत केले आणि मुस्लिमांना निर्भय राहण्यास सांगितले.

हा प्रसंग अल्पसंख्येने राहणाऱ्या, दुसऱ्याच्या सदिच्छेवर अवलंबून असलेल्या लोकांचा आहे, म्हणून तो आपल्या अधिक जवळचा आहे. मुस्लिम उमेदवारांनी तर तो विशेष लक्ष देऊन वाचावा. कारण काही ठिकाणी असे दिसते की, मुस्लिम उमेदवार पक्षाच्या व्यासपीठावर आपल्या समाजाचा विषय निघताच इतका मऊ होतो की बिगरमुस्लिम वक्ता त्याच्यापेक्षा स्पष्ट बोलतो. आणि मोहल्ल्यात आला की इतका गरम होतो की त्याच्या पक्षाला ते भाषण ऐकवण्याची सोय नसते.

व्यवहाराच्या बाबतीत प्रेषितांची (स.) शिकवण या विषयावर आणखी प्रकाश टाकते. बुखारीत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून आले आहे की, विकणारा आणि घेणारा खरे बोलले आणि त्यांनी उघड करून सांगितले, तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, दडवले आणि खोटे बोलले, तर ती बरकत पुसली जाते. येथे 'खरे बोलणे' या शब्दानंतर 'उघड करून सांगणे' हा दुसरा शब्द आला आहे. म्हणजे केवळ खोटे न बोलणे पुरेसे नाही, मालाची स्थिती समोरच्याला कळली पाहिजे. दुसरी हदीस मुस्लिम शरीफमधील. प्रेषित (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला, तो बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला होता. त्यावर त्यांचा सवाल असा होता की, मग लोकांना दिसावे म्हणून भिजलेले वर का ठेवले नाहीस? आणि फसवणाऱ्याला त्यांनी आपल्यातला मानण्यास नकार दिला. त्या व्यापाऱ्याने तोंडातून एक शब्दही खोटा काढला नव्हता. वरचे कोरडे धान्य खरेच कोरडे होते.

मत ही विक्रीची वस्तू नव्हे, हे स्वतंत्रपणे सांगायला नको. ते विकणे आणि विकत घेणे हराम आहे, मग मोबदला नोटांचा असो वा मशिदीच्या पाण्याच्या टाकीचा. परंतु बाजारात दोन पायल्या धान्यासाठी जेवढी स्पष्टता शरीअतने मागितली, तेवढीही आपण पाच वर्षांच्या कारभारासाठी मागू नये? आपल्या देशाच्या कायद्याने याबाबत अर्धी वाट चालून ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या निकालापासून उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी प्रकरणे शपथपत्रात जाहीर करावी लागतात. ही शपथपत्रे कोणालाही पाहता येतात आणि आपण ती पाहिली पाहिजेत. पण उमेदवाराची मते काय, याचा रकाना त्यात नाही. तो भरून घेण्याचे काम मतदाराचेच आहे.

मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मतदानाचे शरीअतच्या दृष्टीने तीन पैलू सांगितले आहेत : ती साक्ष आहे, ती शिफारस आहे आणि ती वकालत आहे. साक्ष यासाठी की, हा माणूस या कामास योग्य व विश्वासू आहे, असे मत देणारा सांगतो. शिफारस यासाठी की, ज्याची चांगली शिफारस केली त्याच्या भल्यात वाटा आणि वाईट केली तर त्या ओझ्यात वाटा. वकालत यासाठी की, तो आपल्या वतीने बोलणार. आणि तो फक्त आपल्या वतीने नव्हे तर संपूर्ण जनतेच्या वतीने बोलणार, म्हणून आपल्या एका चुकीच्या निवडीचे नुकसान सर्वांना भोगावे लागते. आता सांगा, ज्याचे मत आपल्याला ठाऊकच नाही त्याच्यासाठी साक्ष कशी देणार? काजीपुढे जाऊन 'मी काही पाहिले नाही, पण साक्ष देतो' असे म्हणणाऱ्याचे काय होईल? आणि साक्ष दडवणाऱ्याच्या हृदयालाच सूरह बकराच्या २८३व्या आयतीत पापी म्हटले आहे, म्हणून घरी बसून राहणे हाही मार्ग नाही.

विचारणे हे मतदाराचे काम असले तरी विचारण्याचीही रीत असते. मशिदीत उमेदवाराला बोलावून हे करू नये. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८ अन्वये प्रार्थनास्थळाच्या आवारात राजकीय कार्यास मनाई आहे, आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय पीठाने बहुमताने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. मिंबरवरून कोणाला मत द्या वा देऊ नका असे सांगणे कायद्याने अडचणीचे आहे आणि माझ्या मते दीनच्या दृष्टीनेही अनुचित आहे. शाळेचे पटांगण आहे, वाचनालय आहे, कोणाचे अंगण आहे. तेथे बोलवा, आणि स्त्रियांनाही बसायला जागा ठेवा. पाणी, रेशन, दवाखाना आणि मुलींच्या कॉलेजची बस यांबद्दल त्या जेवढे नेमके विचारतात, तेवढे पुरुषांना सुचत नाही.

प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर होय किंवा नाही असेच यावे. 'अल्पसंख्याकांसाठी काय करणार?' हा प्रश्नच गोलमोल आहे, त्याचे उत्तर गोलमोल आले तर नवल नाही. 'आमच्या प्रभागातील कब्रस्तानच्या वाढीव जागेचा ठराव नगरपालिकेत आला, तर आपण बाजूने मत द्याल काय?' हा प्रश्न. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला एक जोडप्रश्न विचारावा लागतो. १९८५च्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. म्हणून 'माझे वैयक्तिक मत तुमच्यासारखेच आहे' हे उत्तर अपुरे आहे. पुढे विचारा : पक्षाने उलट आदेश काढला तर आपण काय कराल, आणि आज पक्षाच्या बैठकीत हे मत मांडाल काय? तो म्हणाला की, 'आदेश पाळावा लागेल, पण बैठकीत मी विरोध नोंदवीन', तर हे स्पष्ट उत्तर आहे. ते आपल्याला पुरेसे वाटते की नाही, तो पुढचा विचार.

आणि प्रश्न फक्त आपलेच नसावेत. निसाच्या त्या आयतीने साक्ष स्वतःविरुद्ध जात असली तरी द्यायला सांगितले आहे. शेतमालाचा भाव, दलित वस्तीवर झालेला अत्याचार, गिरणीतून काढलेले कामगार यांबद्दल उमेदवार काय बोलतो हेही आपल्याला ऐकायचे आहे. जो इतरांच्या न्यायाबद्दल मुग्ध राहतो, तो आपल्या बाबतीत उघड बोलेल ही आशा कशाच्या आधारावर करायची? तसेच एखाद्याने आपल्या तोंडावर 'या मागणीला माझा विरोध आहे' असे सांगितले, तर त्याला हुर्यो देऊ नये. त्याला मत द्यायचे नसेल तर देऊ नका, परंतु चहा पाजून, आभार मानून निरोप द्या. आपणच खऱ्या उत्तराला दगड आणि गोड उत्तराला हार घालत राहिलो, तर पुढच्या वेळी सगळे गोडच बोलतील. आपल्या मोहल्ल्यांतील मते 'गठ्ठ्याने' मिळवून देतो असे सांगणारे जे मध्यस्थ असतात, त्यांचा सर्व धंदा याच गोडीवर चालतो. उमेदवाराला प्रश्न विचारला जाऊ नये, हेच त्यांचे भांडवल.

आपल्या घरातही थोडे पाहावे. जमातीच्या निवडणुकीत सदर होऊ इच्छिणाऱ्याला मशिदीच्या गाळ्यांचे भाडे वर्षानुवर्षे का वाढले नाही, ते गाळे कोणाच्या नात्यात आहेत, असे विचारून पाहा. 'सगळे आपलेच भाऊ आहेत, इन्शाअल्लाह सर्व ठीक होईल.' अल्लाहचे नाव टाळाटाळीसाठी वापरणे मला राजकारण्याच्या 'बघू'पेक्षा अधिक जड वाटते. आणि आम्ही मिंबरवर उभे राहणारेही हुंड्यावरचा खुतबा कोणत्या महिन्यात द्यायचा, ट्रस्टींच्या घरी लग्न असते त्या की दुसऱ्या, हे कधी कधी दिनदर्शिका पाहून ठरवतो.

सर्वच उमेदवार टाळत असतील तेव्हा काय करावे, हा प्रश्न अनेक वाचक विचारतात. फिकहचा नियम आहे की, दोन अपायांपैकी एक अटळ असेल तर हलका निवडावा; आणि मागील कामगिरी हेही एक उत्तरच असते, सभागृहात कोणी केव्हा कोणत्या बाजूने मत दिले याच्या नोंदी मिळतात. २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणी नाही' हे बटणही आहे, पण ते दाबल्याने निकाल बदलत नाही, जास्त मते मिळवणाराच निवडून येतो, हे जाणूनच ते दाबावे. याहून उपयोगी काम मतदानाच्या आधीचे आहे. मोहल्ल्यातील दोन-चार शिकलेल्या मुला-मुलींनी एक वही घालावी. तारीख, उमेदवाराचे नाव, विचारलेला प्रश्न, त्याच्याच शब्दांत उत्तर. उत्तर नसेल तर 'उत्तर दिले नाही' एवढेच. सभेच्या शेवटी ते पान त्याला वाचून दाखवावे आणि बरोबर आहे का असे अदबीने विचारावे. निकालानंतर जो निवडून आला असेल, त्याच्याकडे सहा महिन्यांनी तीच वही घेऊन जावे.